सेनिओ नदीवरचा डायोरामा : फिगर्स कोणत्या घ्याव्यात?

समीर_बेळगाव
मंडळी, सल्ला हवाय. आजवर रणगाडे, जीप, एखाददुसरं विमान असंच करत आलोय. माणसं घालून अख्खा प्रसंग उभा करायचं पहिल्यांदाच मनात घेतलंय.

विषय पक्का आहे. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी, १/५ मराठा लाइट इन्फन्ट्री (पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन) आणि शिपाई नामदेव जाधव, व्हिक्टोरिया क्रॉस (व्हीसी). माझे मामा याच रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या बैठकीच्या खोलीत काचेचं कपाट आहे, त्यातला एक कप्पा त्यांनी मला देऊ केलाय. आतून माप घेतलं : रुंदी ४५ सेंमी, खोली ३० आणि उंची ३८.

अडलंय ते फिगर्सवर. १:३५ घेऊ की १:७२, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या की बहात्तराव्या? 'इंडियन' म्हणून शोधलं की सगळ्या फिगर्स पगडीवाल्या येतात. त्या घेऊन चालतील का? शिवाय मागे एक चर्चिल क्रोकोडाइल हा ज्वालाफेकी रणगाडा उभा करावा असंही डोक्यात आहे, कारण त्या संध्याकाळी ते तिथे होते. खोका सुचवा, म्हणजे मागवायला मोकळा.

बाळ्या_कणकवली
विषय एक नंबर! बाकी मला काही कळत नाही, पण फोटो टाकल्याशिवाय धागा बंद करायचा नाही.

चिमटा
समीर, आधी पगडीचं. ती घेऊ नका. पगडीवाल्या फिगर्स बहुतेक शीख सैनिकांच्या असतात आणि परदेशी कंपन्यांना भारतीय सैनिक म्हटलं की तेवढंच सुचतं. हल्ल्यात उतरलेला मराठा शिपाई म्हणजे डोक्यावर ब्रिटिश मार्क २ चं ताटलीसारखं हेल्मेट, अंगात लोकरी बॅटलड्रेस, कमरेला १९३७ पॅटर्नचं वेबिंग (कापडी पट्टे आणि पाउच), पायात गेटर्स (घोट्यावरची कापडी वेष्टणं) आणि बूट. म्हणजे तुम्हाला लागणारी फिगर ही साधी ब्रिटिश पायदळाची फिगर आहे. चेहरा आणि त्वचेचा रंग तेवढा आपला. 'इंडियन' हा शब्द शोधातून काढून टाका, पर्याय भराभर वाढतील.

१:३५ मध्ये तामिया कंपनीचा 'ब्रिटिश इन्फन्ट्री ऑन पेट्रोल' हा सेट सहज मिळतो, घडणही स्वच्छ आहे. ड्रॅगन कंपनीचा 'कॉमनवेल्थ ट्रूप्स, इटली १९४३-४४' कुठे दिसला तर सोडू नका.

ओंकार११
१:७२ घ्या. स्वस्त पडतं आणि एका खोक्यात चाळीस-चाळीस माणसं येतात. अख्खी कंपनी उभी राहील.

चिमटा
ओंकार, १:७२ चे ते मोठे खोके बहुतेक मऊ प्लास्टिकचे असतात. मॉडेलचा सिमेंट (गोंद) त्याला धरत नाही, चाकूने खरवडलं की तुसं निघतात आणि फिगर जरा वाकली की रंगाचे पोपडे पडतात. त्यातून हात कापून दुसऱ्या कोनात बसवणं म्हणजे डोकेदुखी. पहिल्यांदा माणसं करणाऱ्याने कडक पॉलीस्टायरीनच घ्यावं.

जुनी_कात्रणं
खोका ठरवायच्या आधी समीरनी एक गोष्ट ठरवायला हवी, ती म्हणजे *कोणता क्षण*. जाधवांच्या पदकाचं सन्मानपत्र वाचलंत का? त्यात मापांसकट सगळं दिलेलं आहे. मराठीत सांगतो.

सॅन पोलितो गावाच्या उत्तरेला सेनिओ साधारण १५ फूट रुंद आणि ४ ते ५ फूट खोल. दोन्ही काठांना ३० ते ३५ फूट उंचीचे, चढायला अवघड असे पूरबांध. त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी खंदक आणि मोर्चे कोरलेले. पूर्वेच्या बांधाच्या आतल्या अंगाला, मोर्चांच्या ओळीच्या वर, सुरुंगांचा पट्टा. आपले लोक पूर्वेकडून आले. एक कंपनी पूर्वेच्या बांधावर चढली आणि तीन मिनिटांनी दुसरीने तिच्यातून पुढे जाऊन पश्चिमेचा बांध घ्यायचा, असा बेत होता. जाधव कंपनी रनर (निरोप्या) होते, कंपनी कमांडरबरोबर पुढच्या सेक्शनच्या अगदी मागे. पाण्यातून पलीकडे बाहेर पडत असतानाच *पाठीमागून*, म्हणजे पूर्वेच्या बांधाच्या आतल्या अंगाच्या किमान तीन मोर्चांतून त्यांच्यावर मारा झाला. कमांडर आणि दोन जवान जखमी झाले, जाधव सोडून बाकीचे सगळे पडले.

पुढे चार वेगवेगळे प्रसंग आहेत :

पहिला, एका जखमीला खांद्यावर घेऊन खोल पाण्यातून, उभ्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून बांधापलीकडे पोचवलं. परत जाऊन दुसऱ्यालाही आणलं.

दुसरा, तिसऱ्यांदा बांध ओलांडून सगळ्यात जवळच्या मोर्चावर टॉमी गन घेऊन धाव घेतली आणि तो गप्प केला.

तिसरा, हाताला जखम झाली, गन चालवता येईना म्हणून ती फेकून दिली आणि हातबॉम्बने आणखी दोन मोर्चे उडवले. मध्ये बॉम्ब संपले तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर आले आणि पलीकडच्या उतारावरच्या साथीदारांकडून नवे घेतले.

चौथा, सगळं गप्प झाल्यावर माथ्यावर उघड्यावर उभं राहून, उखळी तोफांचा मारा चालू असताना, मराठ्यांची रणगर्जना देत उरलेल्या कंपन्यांना हात करून बोलावलं.

या चारही प्रसंगांना चार वेगळ्या पोझ लागतात. क्षण न ठरवता फिगर्स घेतल्या तर खोक्यात जे आहे तेच बांधावर उभं करावं लागेल.

समीर_बेळगाव
दादा, हे इतक्या नीट कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यासमोर पहिल्यापासून चौथा प्रसंग होता. माथ्यावर उभे, एका हातात टॉमी गन, दुसरा हात वर.

जुनी_कात्रणं
तेवढ्यात गन नको. ती त्यांनी आधीच टाकली होती. चौथ्या प्रसंगात हात रिकामे हवेत आणि एक हात जखमी.

रेवती_म
आणि तोंड उघडं हवं! रणगर्जना म्हणजे 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय'. ती देणाऱ्या माणसाचे ओठ मिटलेले असतील तर सगळा प्रसंग फसला. प्लास्टिक सेटमधली बरीचशी डोकी ओठ मिटलेली असतात. हॉर्नेट कंपनीची रेझिनची सुटी डोकी मिळतात, त्यात ओरडणारे चेहरे आहेत. ती नसतील तर अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलने ओठांच्या मध्ये भोक पाडायचं, चाकूच्या टोकाने खालचा ओठ हळूच खाली ढकलायचा आणि हनुवटीखाली पुट्टीचा कणभर थर द्यायचा. ओरडताना जबडा खाली येतो, चेहरा लांबतो. नुसतं भोक पाडलं तर माणूस शीळ घालतोय असं दिसतं.

बाळ्या_कणकवली
मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान शीळ घालत हल्ला करतोय. 😄 ताई, हे चित्र आता डोक्यातून जाणार नाही.

अपूर्णांक
मी जरा मापं जुळवून पाहिली.

१:३५ : बांध २६ ते ३०.५ सेंमी उंच, नदी १३ सेंमी रुंद, पाणी ३.५ ते ४.४ सेंमी खोल. साडेपाच फुटी जवान ४.८ सेंमी.
१:४८ : बांध १९ ते २२ सेंमी, नदी ९.५ सेंमी, जवान ३.५ सेंमी.
१:७२ : बांध १२.७ ते १४.८ सेंमी, नदी ६.३ सेंमी, जवान २.३ सेंमी.

कप्पा ४५ × ३० × ३८. १:३५ मध्ये अख्खा बांध घेतला तर ३० सेंमी बांध, वर ५ सेंमी माणूस, खाली पाया असं ३८ सहज भरतं. उतार ४५ अंशाचा धरला तर आडवी लांबीही ३० सेंमी. त्यात माथा आणि नदी मिळवली की रुंदी संपली, मागचा उतार गेला. दोन्ही बांध दाखवायचे असतील तर १:७२ शिवाय मार्ग नाही. एकच बांध आणि नदी हवी असेल तर १:४८ छान बसतं. तामियाचा १:४८ चा ब्रिटिश पायदळाचा सेट आहे.

आणि क्रोकोडाइल? १:३५ मध्ये चर्चिल रणगाडाच २१ सेंमीच्या वर जातो आणि मागे इंधनाचा ट्रेलर. तो कप्प्यात गेला तर नदी बाहेर ओट्यावर ठेवावी लागेल.

चिमटा
क्रोकोडाइल काढूनच टाका, समीर. रणगाडा ठेवला की बघणाऱ्याची नजर आधी त्याच्यावर जाते आणि माणूस मागे पडतो. हा प्रसंग एका माणसाचा आहे.

ज्वालाफेकी रणगाडे तिथे होते हे जमिनीवर दाखवा. क्रोकोडाइल आणि वॉस्प कॅरिअर्सनी (ज्वालाफेकी बसवलेल्या छोट्या चिलखती गाड्यांनी) हल्ल्याआधी बांधांवर आग ओकली होती. तेव्हा गवत पट्ट्यापट्ट्याने जळलेलं, माती काळी, अधेमधे एप्रिलचं हिरवं गवत तगलेलं. हे रंगवायला अर्धा दिवस पुरे.

शाडूवाला_पेण
रणगाडे माझा प्रांत नाही, मी मूर्तिकामातला. पण फिगर म्हणजे मूर्तीच, तेव्हा बोलतो.

फिगर निवडताना खोक्यावरचं चित्र बघू नका. स्प्रूचा, म्हणजे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिचा, फोटो शोधा. चित्रात माणूस धावतो आणि आतला लंगडतो असं होतं. स्प्रूवर तीन गोष्टी बघायच्या. कंबर आणि खांदे एका रेषेत आहेत का? धावणाऱ्या माणसाचे खांदे एकीकडे तर कंबर दुसरीकडे वळलेली असते. तो पीळ नसेल तर फिगर लाकडी दिसणार, कितीही रंगवा. मग हाताची बोटं. ती शस्त्रासकट एकत्र ओतलेली असतील तर शस्त्र काढून हात रिकामा करणं फार कटकटीचं. आणि कापडाच्या घड्या सांध्यांपाशी खोल आहेत का, की अंगभर सारख्याच सुरकुत्या आहेत.

आणि उताराचं! सगळ्या फिगर्स सपाट जमिनीसाठी घडवलेल्या असतात. तुमचा बांध ४५ अंशांचा. तशाच चिकटवल्या तर सगळी कंपनी मागे कलंडलेली दिसेल. घोट्यापाशी बारीक करवतीने कापा, चढावरच्या पायाचा गुडघा मोडून वर घ्या, उतारावरचा पाय ताणा, बूट मातीत थोडा रुतवा. भेगा एम-सीलने भरा. एम-सील कडक झालं की घासता येतं, आणि ओलं असताना पाण्याच्या बोटाने गेटरची कडही ओढता येते. परदेशी पुट्टीची वाट बघत बसू नका.

समीर_बेळगाव
शाडूवाले काका, घोट्याचं कुठेच वाचलं नव्हतं. आभार.

१:४८ चा विचार चालू आहे, पण त्यात सुटी डोकी आणि शस्त्रं किती मिळतात?

चिमटा
१:३५ च्या मानाने फारच कमी. तुम्हाला टॉमी गन, मिल्स बॉम्ब (ब्रिटिश हातबॉम्ब), वेगळी डोकी, वेगळे हात असं बरंच लागणार आहे. सुट्या भागांचा बाजार १:३५ चा आहे. माझं मत १:३५, पण बांधाचा फक्त वरचा भाग दाखवा.

रेवती_म
चिमटा, मग नदी कुठे गेली? सेनिओचा डायोरामा आणि पाणीच नाही?

चिमटा
माणसांच्या अंगावर. पाण्यातून दोनदा माणसं उचलून आणलेला जवान छातीपर्यंत भिजलेला असणार. लोकर भिजली की रंग दोन छटांनी गडद होतो आणि अंगाला चिकटतो. छातीखालचा बॅटलड्रेस गडद करा, घड्यांच्या टोकांवर हलका सॅटिन वॉर्निश द्या, गेटरमधून ओघळ दाखवा. त्याच्या शेजारी पलीकडच्या उतारावरचे कोरडे जवान ठेवा. फरक दिसला की नदी दाखवायची गरज राहत नाही.

रेवती_म
हे मात्र पटलं.

अनिवासी_अभय
मी बोलोन्याला असतो. त्या भागात सायकलवरून बऱ्याचदा जातो. एमिलिया-रोमान्याची जमीन ताटासारखी सपाट, फळबागा आणि द्राक्षाचे मळे, आणि त्यात हे बांध अचानक उभे राहतात. खालून चालताना नदी दिसतच नाही. बांधावर चढलं की मग खाली अरुंद पाणी. एवढ्याशा नदीसाठी एवढी माणसं का गेली ते तिथे उभं राहिल्यावर कळतं, कारण अडथळा पाण्याचा नव्हताच, बांधांचा होता. चिमटा म्हणतात तसं नदी वगळून बांध ठेवला तर ते त्या जागेलाही धरून होईल.

फोर्लीला भारतीय सैन्याची युद्धस्मशानभूमी आहे, ज्यांचं दहन झालं त्यांचं स्मारकही तिथेच आहे. मराठी नावं वाचत उभं राहिलं की पाय निघत नाही. इकडे कुणी आलं तर जरूर जा.

ओंकार११
यशवंत घाडगे पण इटलीतलेच ना? माणगावला त्यांचा पुतळा आहे. त्यांचा डायोरामा का नाही?

जुनी_कात्रणं
तेही इटलीतले. नाईक यशवंत घाडगे, ३/५ मराठा, १० जुलै १९४४, वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यात. सेक्शनमधले सगळे पडले तरी एकटे मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्बने गन आणि गनर उडवला, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून टॉमी गन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. तिथेच त्यांना वीरमरण आलं. मोन्तोने गावात २०२३ साली त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक झालं.

फिगर्सच्या दृष्टीने दोघांत मोठा फरक आहे. घाडगे जुलैतले, म्हणजे उन्हाळी खाकी ड्रिलचा सुती गणवेश. जाधव एप्रिलच्या सुरुवातीचे, म्हणजे लोकरी बॅटलड्रेस. एकाचा सेट दुसऱ्याला चालणार नाही. घाडग्यांसाठी मास्टर बॉक्सचा उत्तर आफ्रिकेतल्या ब्रिटिश-जर्मन हातघाईचा सेट आहे, त्यातली धडं उपयोगी पडतील.

बाळ्या_कणकवली
ओंकार, एक धागा एक व्हीसी. घाडग्यांचा वेगळा धागा काढ, मी पहिला प्रतिसाद देतो.

झारा
आपण सगळे लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर हेच तर करायचो. फक्त तिथे महाराज एक फूट, मावळा तीन इंच आणि पायथ्याच्या शेतातली म्हैस बुरुजाएवढी. तरी तो किल्ला खरा वाटायचा.

माझा प्रश्न वेगळा आहे. एकाच देखाव्यात दोन कंपन्यांच्या १:३५ च्या फिगर्स चालतात का?

चिमटा
चालतात, पण आधी शेजारी उभ्या करून बघा. तामियाच्या सत्तरच्या दशकातल्या फिगर्स बारीक चणीच्या आणि गुळगुळीत आहेत, नव्या फिगर्स भरदार. उंचीतला फरक खपून जातो, माणसं उंच-बुटकी असतातच. डोकी, हेल्मेटं आणि रायफली मात्र सगळ्यांच्या एकाच कंपनीच्या हव्यात. दोन हेल्मेटांचा घेर वेगळा असला की डोळ्याला लगेच खुपतं. म्हणून धडं कुठलीही घ्या, डोकी आणि शस्त्रं एका ठिकाणची.

कोल्हापूरचा_रंगारी
इटली आणि गणवेशाचा रंग यावर एक भर. इटलीत अमेरिकेत शिवलेला 'वॉर एड' बॅटलड्रेसही वाटला गेला होता, त्याची छटा हिरवट. सगळे जवान एकाच तपकिरीत रंगवू नका. व्हॅलेहो कंपनीचा 'इंग्लिश युनिफॉर्म' मूळ रंग धरा आणि एकदोघांच्या अंगावर हिरवट झाक द्या. वेबिंग आणखी फिकट. डिव्हिजनचं चिन्हही विसरू नका. १/५ मराठा ज्यात होती त्या ८ व्या भारतीय डिव्हिजनचं चिन्ह म्हणजे 'क्लोव्हर', तांबड्यावर पिवळी पानं. १:३५ मध्ये दंडावर दीड मिलिमीटरचा ठिपका होतो, पण मामा पहिल्यांदा तोच शोधतील.

रेवती_म
त्वचेबद्दल मी लिहिते. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. बाजारातल्या 'फ्लॅट फ्लेश'मध्ये (गोऱ्या कातडीच्या तयार रंगात) तपकिरी मिसळून काम भागवलं तर चेहरा राखाडी दिसतो. उलट दिशेने जा. तपकिरी-वाळूच्या रंगाने सुरुवात करा, खोलगट जागी जळक्या अंबरची (गडद तपकिरीची) पातळ सावली द्या, काळा कुठेही नको. गालाची हाडं, नाकाचा शेंडा, कपाळावर मूळ रंगात थोडा फ्लेश मिसळून उजळा. खालच्या ओठाला विटकरी. प्रत्येकाची छटा वेगळी ठेवा. कोकणातला, देशावरचा, उन्हात रापलेला, सगळे एकाच बाटलीतले कसे दिसतील? मिशाही वेगवेगळ्या काढा.

आणि उजेड! संध्याकाळचा हल्ला, पूर्वेच्या बांधाचं आतलं अंग पश्चिमेकडे तोंड करून. म्हणजे उतरतं ऊन त्या अंगावर समोरून पडणार आणि मागचा उतार सावलीत. चेहऱ्यांची उजळ बाजू त्याप्रमाणे धरा.

समीर_बेळगाव
ताई, उजेडाचं डोक्यातच आलं नव्हतं. काल मामांकडे गेलो होतो, जुनी_कात्रणं यांनी सांगितलेले चारही प्रसंग वाचून दाखवले. मला वाटलं होतं ते चौथाच म्हणतील. ते तिसऱ्यावर थांबले. म्हणाले, "माथ्यावर येऊन बॉम्ब घेतले ना, ते कर. देणारे कोण होते ते कुणी दाखवत नाही."

जुनी_कात्रणं
मामांना माझा नमस्कार सांगा. यापेक्षा चांगली निवड मला सुचली नसती.

चिमटा
आणि कप्प्यातही ती सगळ्यात छान बसते! फक्त बांधाचा माथा, आतल्या अंगाचा १२-१५ सेंमी भाग, मागच्या उताराचा तेवढाच. १:३५ मध्ये आरामात.

जाधव पालथे, पोटावर, कोपरावर भार, निकामी हात अंगाशी आणि दुसरा पलीकडे पुढे केलेला. पलीकडे दोघे-तिघे, एक गुडघ्यावर बसून बॉम्ब देतोय, एक माथ्याच्या कडेला ब्रेन गन (हलकी मशीनगन) लावून आडवा, एक जखमीपाशी. एवढी माणसं पुरे. प्रत्येकजण कशाकडे बघतोय ते आधी कागदावर बाण काढून ठरवा. देणारा आणि घेणारा यांची नजर हातावर, ब्रेनवाल्याची मोर्चाकडे. एकाचीही नजर हवेत नको.

'ऑन पेट्रोल'मधल्या पोझ चालणाऱ्या, सावध माणसांच्या आहेत, त्या जशाच्या तशा इथे चालणार नाहीत. त्यातून धडं, डोकी आणि वेबिंग घ्या. पालथ्या माणसासाठी आडवा ब्रेन गनर असलेला कुठलाही ब्रिटिश सेट शोधा आणि त्याचे हात बदला.

शाडूवाला_पेण
पालथ्या माणसाचं पोट आणि मांड्या जमिनीला खरोखर टेकल्या पाहिजेत. माती ओली असतानाच फिगर दाबून ठसा घ्या, काढा, रंगवा, मग त्याच ठशात बसवा. पुढे केलेल्या हाताचा खांदा कानाजवळ येतो, बॅटलड्रेसची बाही मनगटावरून मागे सरकते. तेवढं एम-सीलने केलंत तर हात ताणलेला आहे हे कळेल.

झारा
जर्मन दाखवायचे का? मामांच्या घरात लहान मुलंही येत असतील.

कोल्हापूरचा_रंगारी
मोर्चाचं तोंड, उलटी पडलेली एमजी-४२ ही जर्मन मशीनगन, सांडलेला गोळ्यांचा पट्टा आणि एक हेल्मेट. प्रेत न दाखवताही मोर्चा पडलाय हे कळतं. आणि जाधवांची टाकलेली टॉमी गन तिथेच थोड्या खाली, चिखलात. ज्याला प्रसंग माहीत आहे तो ती बरोबर शोधून काढेल.

अपूर्णांक
मोर्चा आणि माथा यांच्या मध्ये सुरुंगांचा पट्टा होता. म्हणजे सरपटल्याची खूण त्या पट्ट्यातूनच गेली पाहिजे. गवत दाबलेलं, मातीत कोपराचे घसरे, तुटलेली तार. जाधव कुठून आले ते त्या रेषेवरून दिसेल.

समीर_बेळगाव
ठरलं मग. १:३५, तिसरा प्रसंग, माथा आणि दोन्ही उतारांचे तुकडे, क्रोकोडाइल रद्द. तामियाचा 'ऑन पेट्रोल', आडव्या ब्रेन गनरचा एक सेट, हॉर्नेटची डोकी आणि सुट्या शस्त्रांचा एक खोका मागवतो. देणाऱ्या जवानापुढे बॉम्बची लाकडी पेटी उघडी ठेवीन म्हणतो, बारा बॉम्ब मांडून.

जुनी_कात्रणं
पेटीबद्दल थांबा. मिल्स बॉम्ब पेटीत डिटोनेटरशिवाय येत, ते डब्यात वेगळे असत. वापरायच्या आधी प्रत्येक बॉम्बचं बूड उघडून ते भरावे लागत. चालू हल्ल्यात, माऱ्याखाली, नवी पेटी फोडून कुणी बॉम्ब भरत बसणार नाही. साथीदारांनी स्वतःजवळचे, आधीच भरलेले बॉम्ब काढून दिले असणार.

चिमटा
म्हणजे पेटी काढा आणि दोघांच्या छातीवरच्या पाउचची झाकणं उघडी दाखवा, आत काही नाही. तामियाची पाउच बंद ओतलेली असतात. झाकण चाकूने सोडवा, आतला भाग पोखरा आणि नवं झाकण वाइनच्या जुन्या बाटल्यांवर असायचा तसल्या पातळ शिशाच्या पत्र्याचं करा, तो सहज वाकतो. बॉम्ब १:३५ मध्ये पावणेतीन मिलिमीटरचा. एक देणाऱ्याच्या हातात, एक आधीच गवतात ठेवलेला.

बाळ्या_कणकवली
पावणेतीन मिलिमीटर! समीरदादा, फरशीवर पांढरी चादर अंथरून बसा. तो पडला की सापडायचा नाही.

समीर_बेळगाव
चादर आजच काढतो. जुनी_कात्रणं, पिन काढलेली दाखवायची की तशीच?

जुनी_कात्रणं
तशीच. देताना पिन आत, घेणारा काढेल. एक हात निकामी असताना ती कशी काढली असेल याचा विचार करून मग जाधवांचा चेहरा निवडा.